मिसर देशाचे वाक्य

उपवासकाळातील तिसरा रविवार, रात्री

आज सकाळच्या उपासनेत बायबलमधील निर्गम या ग्रंथाचा विसावा अध्याय वाचला गेला आणि दहा आज्ञा पुन्हा एकदा कानांवर पडल्या. इतक्या वेळा ऐकलेल्या ओळींत नवे काय सापडणार, अशा सैल मनाने मी बसलो होतो. पण वाचणाऱ्याने दुसऱ्या वचनाशी किंचित थांबा घेतला, आणि त्या थांब्यामुळे दिवसभर तेच वचन मनात राहिले. पहिली आज्ञा उच्चारण्यापूर्वी देव आपली ओळख सांगतो: ज्याने तुला मिसर (इजिप्त) देशातून, दास्यगृहातून बाहेर आणले, तो मी परमेश्वर तुझा देव आहे. त्यानंतर ‘हे कर, ते करू नको’ सुरू होते. यहुदी परंपरेत हे वाक्य प्रस्तावना समजले जात नाही. दहा वचनांतले पहिले वचन म्हणून ते मोजले जाते. आपण ख्रिस्ती लोक मात्र त्याला उंबरठ्याबाहेर उभे करून थेट ‘माझ्याखेरीज तुला वेगळे देव नसावेत’ येथून मोजायला लागतो.

दुपारी जुनी पुस्तके काढून पाहिली. 1662 च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात प्रभुभोजनाच्या विधीच्या आरंभी दहाही आज्ञा मोठ्याने वाचण्याची रीत आहे, आणि प्रत्येक आज्ञेनंतर मंडळीने दयेची याचना करायची आहे. तेथे ‘मी परमेश्वर तुझा देव आहे’ एवढे शब्द ठेवले आहेत. मिसर देशाचा उल्लेख गाळला आहे. त्याच पुस्तकातील प्रश्नोत्तरावलीत, म्हणजे श्रद्धेची तत्त्वे प्रश्नोत्तरांतून शिकवणाऱ्या भागात, मात्र तो शाबूत आहे. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने 1529 साली लिहिलेल्या लहान प्रश्नोत्तरावलीतही पहिली आज्ञा मिसराशिवायच येते. यामागे काही कुटिल हेतू होता असे मला वाटत नाही. पाठांतरासाठी मजकूर आटोपशीर करताना माणूस जे ‘मुख्य’ वाटते ते ठेवतो आणि बाकीचे सोडतो. तरीही गाळले ते नेमके सुटकेचे वाक्य, ही गोष्ट मला लहान वाटत नाही. सुटकेवाचून उरलेल्या आज्ञा एखाद्या अनोळखी मालकाच्या हुकमांसारख्या ऐकू येतात.

ग्रंथातील घटनांचा क्रम पाहिला तर शंकेला जागा राहत नाही. बाराव्या अध्यायात वल्हांडणाची रात्र येते, जिच्यात मिसरातले प्रथमजात मेले आणि दाराला रक्त लावलेली इस्राएलांची घरे वाचली, चौदाव्यात समुद्र दुभंगतो, सोळाव्यात मान्ना हे स्वर्गीय अन्न मिळते, आणि मिसरातून निघाल्यावर तिसऱ्या महिन्यात लोक सीनाय पर्वताच्या पायथ्याशी पोहोचतात. आज्ञा दिल्या जातात त्या वेळी मिसराचा राजा फारो याचे सैन्य बुडून कित्येक दिवस झालेले असतात. इस्राएल लोकांनी आज्ञा पाळल्या म्हणून देवाने त्यांना सोडवले, असे म्हणायला ग्रंथात आधारच नाही. पाळायला आज्ञा तोवर दिल्या गेल्या नव्हत्या.

पण येथे स्वतःलाच अडवावेसे वाटते, कारण वल्हांडणाच्या रात्रीही एक आज्ञा होतीच. कोकरू कापायचे, एजोब नावाच्या झुडपाची जुडी पात्रातल्या रक्तात बुडवायची, दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला ते रक्त लावायचे, आणि सकाळ होईपर्यंत कोणीही घराच्या दाराबाहेर पडायचे नाही. एखाद्या घराने हे ऐकून न ऐकल्यासारखे केले असते तर? ग्रंथ अशा घराची कथा सांगत नाही, परंतु उत्तर काय असते हे वाचणाऱ्याला कळते. तेव्हा तारण आधी आणि आज्ञापालन नंतर, असे दोन स्वच्छ कप्पे करता येत नाहीत. मला इतकेच म्हणता येते की दाराला रक्त लावणे ही सुटकेची किंमत नव्हती. त्या रक्ताने फारोचा हात सैल झाला नाही. रात्री मिसरातून जे फिरले ते देवाच्या इच्छेने फिरले. घरातल्या माणसांनी फक्त त्याच्या शब्दावर विसंबून दाराआड रात्र काढली. त्या रात्रीपुरते तरी विश्वास आणि आज्ञापालन यांच्यामध्ये सुई शिरेल एवढीही फट मला दिसत नाही.

1563 ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावली मला या बाबतीत फार मोलाची वाटते. तिची रचनाच बोलकी आहे: आधी माणसाची दैन्यावस्था, मग त्याची सुटका, आणि शेवटी कृतज्ञता. दहा आज्ञांचे सविस्तर विवेचन तिच्यात या तिसऱ्या भागात, कृतज्ञतेच्या मथळ्याखाली येते. लूथरच्या पुस्तकात आज्ञा सर्वांत पुढे आहेत, कारण त्याच्या दृष्टीने नियमशास्त्राने माणसाला प्रथम आपला आजार दाखवायचा असतो. दोन्ही मांडण्यांना शास्त्राधार आहे. माझा कौल हायडेलबर्गच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण विद्वत्तेपेक्षा अनुभवाचे आहे: भीतीने पाळलेली आज्ञा माझ्या हातून फार दिवस पाळली जात नाही.

नव्या करारातील पत्रलेखक पौल आणि याकोब यांचा प्रश्नही शेवटी क्रमाचाच आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. माणूस नियमशास्त्रातील कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो, असे पौल रोमकरांस लिहितो. माणूस केवळ विश्वासाने नव्हे, तर क्रियांनी नीतिमान ठरतो, असे याकोब लिहितो. दोघेही साक्षीला एकाच माणसाला, अब्राहामाला, उभे करतात. पौल उत्पत्ती या ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायाकडे बोट दाखवतो, जेथे अब्राहामाने ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाखाली देवाच्या वचनावर विश्वास ठेवला. आणि सुंतेची आज्ञा तर सतराव्या अध्यायात येते, याकडे तो मुद्दाम लक्ष वेधतो. एखाद्या वकिलाने दोन दस्तांच्या तारखा न्यायाधीशासमोर शेजारी शेजारी ठेवाव्यात, तसा त्याचा युक्तिवाद आहे. याकोब बाविसाव्या अध्यायापासून सुरुवात करतो, जेथे अब्राहाम इसहाकाला वेदीवर ठेवतो, आणि तेथून मागे वळून म्हणतो की पंधराव्यातले वचन येथे पूर्ण झाले. म्हणजे पौल मुळाशी उभा राहून बोलतो आहे आणि याकोब फळाशी. लूथरला मात्र हा समेट पटला नाही. 1522 साली नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने याकोबाच्या पत्राला पेंढ्याचे पत्र म्हटले, आणि पुढच्या आवृत्त्यांत ते विधान गाळले. मोठ्या माणसाच्या हातून रागाच्या भरात लिहिले गेलेले वाक्य पुढची पाचशे वर्षे त्याच्या नावाला चिकटून राहते, हे बघून थोडी कीवही येते.

विश्वास की कर्मे या भांडणाचा पुढचा इतिहास रक्तरंजित आहे. तो आज लिहीत नाही. 1547 साली ट्रेंटच्या कॅथलिक धर्मसभेने आपली बाजू कडक शब्दांत मांडली, आणि 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि लूथरन मंडळ्यांनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. देव आपल्या गुणांमुळे नव्हे तर केवळ कृपेने आपला स्वीकार करतो, आणि पवित्र आत्मा आपली अंतःकरणे नवी करून आपल्याला सत्कृत्यांसाठी सिद्ध करतो, असे त्यात दोघांनी मिळून कबूल केले आहे. साडेचारशे वर्षांनी का होईना, ‘कृपा’ आणि ‘कृत्य’ हे दोन्ही शब्द दोन्ही पक्षांनी एकाच वाक्यात, आणि त्याच क्रमाने, मान्य केले.

दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा जाहीर करण्याच्या विधीच्या) वर्गातील एका मुलीने मागे विचारले होते, “सर, वधस्तंभावरच्या त्या चोराला तर आज्ञा पाळायला वेळच मिळाला नाही, तरी तो सुखलोकात गेला. मग आम्ही या पाठ कशासाठी करायच्या?” मी तिला इफिसकरांस पत्रातील दुसरा अध्याय उघडायला लावला. आठवे आणि नववे वचन आमच्या रविवारच्या शाळेत सुवर्णवचन म्हणून घोकून घेतले जाते: तुमचे तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे झाले आहे, ते कर्मांनी नाही. दहावे वचन मात्र क्वचितच कोणाला पाठ असते. आपण ख्रिस्त येशूच्या ठायी सत्कृत्ये करण्यासाठी निर्माण केलेले आहोत, असे ते सांगते. मुलीने ते वाचले आणि म्हणाली, “म्हणजे पाठ दोन वचनांनी थांबवायचा नव्हता.” चोराविषयी मात्र तिचे समाधान झाले असेल असे वाटत नाही. नंतर माझ्या ध्यानात आले की त्या चोरानेही मरता मरता दुसऱ्या गुन्हेगाराला दटावले, आपली शिक्षा न्याय्य असल्याचे कबूल केले आणि निरपराध्याची बाजू घेतली. खिळलेल्या हातापायांनी जेवढे आज्ञापालन शक्य होते तेवढे त्याने केले.

आपल्या मंडळ्यांत दोन्ही टोके आढळतात. कृपेच्या उपदेशावर मान डोलावून घरी जाऊन भावाची जमीन बळकावणारे आहेत, आणि ‘मला प्रभू, प्रभू म्हणणारा प्रत्येक जण स्वर्गाच्या राज्यात जाणार नाही’ हे मत्तयाचे वचन इतरांच्या तोंडावर फेकणारेही आहेत. त्या वचनाचा पुढचा भाग दुसऱ्या गटाने सावकाश वाचावा. तेथे नाकारली जातात ती माणसे आपल्या कामांची यादीच वाचून दाखवत असतात: आम्ही तुझ्या नावाने संदेश दिला, भुते काढली, महत्कृत्ये केली. त्यांच्याकडे कर्मे भरपूर आहेत, येशूशी ओळख नाही.

आणि तरीही जगलेल्या आयुष्यात हा क्रम पुस्तकातल्यासारखा सरळ दिसत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि विधवांसाठी आयुष्य वाहायला सुरुवात केली. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनीच पुढे आपल्या साक्षीत सांगितले आहे. तारणाचा अनुभव त्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी नोंदवतात. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला तेथे आज्ञापालन आधी आणि तारणाची खात्री मागाहून आलेली दिसते. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधले दुष्काळपीडित मुलींसाठीचे अफाट काम त्यानंतरचे आहे, पण विधवांसाठीचे पहिले पाऊल त्याआधीचे. यावर ‘देव त्यांच्या नकळत आधीच काम करीत होता’ असे चटकन उत्तर देता येईल. ते खरेही असेल; पण रमाबाईंनी स्वतः त्या वर्षांतली पोकळी इतकी प्रामाणिकपणे लिहून ठेवलेली असताना आपण ती घाईने भरू नये.

झोपण्यापूर्वी लूकचे शुभवर्तमान पुन्हा वाचले. अठराव्या अध्यायात तो श्रीमंत अधिकारी येतो, ज्याने बालपणापासून आज्ञा पाळल्या होत्या. येशू त्याच्यापुढे व्यभिचार, खून, चोरी, खोटी साक्ष आणि आईबापांचा मान एवढ्याच आज्ञा मोजतो. ‘वेगळे देव नसावेत’ ही तो बोलून दाखवत नाही. आपले सर्व विकून टाक, असे सांगून ती त्याच्यासमोर उभी करतो. हीच हकिकत सांगताना मार्क आणखी एक नोंद करतो: असे सांगण्याआधी येशूने त्याच्याकडे न्याहाळून पाहिले आणि त्याच्यावर प्रीती केली. प्रीती आधी आली, आज्ञा नंतर आली, आणि माणूस खिन्न होऊन निघून गेला. क्रम योग्य असूनही पालन झाले नाही. प्रीती बळजबरी करत नाही.

लगेच एकोणिसाव्या अध्यायात यरीहोतला जकातदार जक्कय येतो. त्याला कोणीही काहीही विकायला सांगत नाही. तो उंबराच्या झाडावर बसलेला असतानाच येशू त्याला नावाने हाक मारतो आणि त्याच्या घरी उतरतो. मग जक्कय आपणहून उभा राहून अर्धे धन गरिबांना देऊ करतो, आणि कोणाचे काही लुबाडले असल्यास चौपट परत करीन म्हणतो. फसवून घेतलेले कबूल करून परत करणाऱ्याला नियमशास्त्राने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढेच सांगितले आहे. चौपट हा मेंढरू चोरून कापणाऱ्याचा किंवा विकणाऱ्याचा दंड आहे, आणि तो त्याने स्वतःच स्वतःला लावून घेतला. यावर येशू म्हणतो की आज या घराला तारण झाले आहे. एवढ्यावर थांबलो तर तारण देणगीच्या मागून आले असेच वाटेल. पण येशू लगेच कारणही सांगतो, आणि त्या कारणात अर्ध्या धनाचा किंवा चौपटीचा उल्लेख नाही. तो म्हणतो, कारण हाही अब्राहामाचा पुत्र आहे.