नान्नजच्या सूर्यफुलापासून साठ-नव्वदच्या चादरीपर्यंत

सुवर्ण गुणोत्तर बघायला सोलापूरला जायचं तर जानेवारीची अखेर धरावी. गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची, गर्दी ओसरू लागलेली असते, हुरडा मिळतो आणि रब्बीचं सूर्यफूल पिकत आलेलं असतं. सामान थोडंच लागतं: शिंप्याची टेप, दोन रंगांचे मार्कर, टाचण्या, कोनमापक आणि आलेख कागद. १.६१८ हा आकडा माहीत असेलच. नसेल तर एक रेघ अशी तोडा, की अख्ख्या रेघेचं मोठ्या तुकड्याशी जे प्रमाण, तेच मोठ्याचं धाकट्याशी. युक्लिडने इ.स.पू. ३०० च्या सुमारास दिलेली व्याख्या ती एवढीच. त्यात ना सौंदर्य होतं ना निसर्ग.

बार्शी रस्त्याने नान्नज वीस-बावीस किलोमीटर. माळढोकामुळे गाव प्रसिद्ध. रस्त्याकडेला ज्वारीच जास्त, सूर्यफुलाचे पट्टे मधूनमधून. मालकाला विचारल्याशिवाय रानात शिरू नये. विचारलं की नकार सहसा येत नाही. आम्हाला उत्तर मिळालं, "राघूनं ठेवलंय तेवढं मोजा की."

मोजायला तबकडी कोणती घ्यायची, यावर अर्धं काम अवलंबून आहे. मागची बाजू लिंबासारखी पिवळी झालेली हवी. हिरव्या तबकडीत बिया पुरत्या भरलेल्या नसतात आणि ओळी फसवतात. वरची वाळलेली फुलं तळहाताने चोळून काढा, म्हणजे बिया उघड्या पडतात. आता कडेपासून आत वळत जाणारी एक ओळ पकडा, तिच्या टोकाला टाचणी टोचा आणि कडेकडेने पुढच्या ओळी मोजत टाचणीपर्यंत परत या. दर पाचव्या ओळीवर लाल ठिपका द्या, नाहीतर विशीत पोचेपर्यंत आकडा हरवतो. मग उलट्या दिशेच्या ओळी निळ्या ठिपक्यांनी. मध्यम तबकडीत ३४ आणि ५५ येतात, मोठीत ५५ आणि ८९. हे फिबोनाची मालिकेतले आकडे: १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९. प्रत्येक आकडा मागच्या दोघांची बेरीज, आणि लगतच्या दोघांचा भागाकार १.६१८ च्या जवळ.

३३ किंवा ३६ आले तर आधी पुन्हा मोजा. बहुतेक वेळा पोपटाने कुरतडलेल्या जागी एका ओळीवरून शेजारच्या ओळीवर नजर घसरलेली असते. दुसरी गफलत जास्त शहाण्या माणसांकडून होते: एक दिशा कडेला मोजायची आणि दुसरी मध्याजवळ. मध्याकडे सरकावं तसे ओळींचे आकडेही उतरतात. कडेला ३४-५५ असलेल्या तबकडीत आत २१-३४ सापडतात. म्हणून दोन्ही मोजण्या एकाच वर्तुळावर करा. तरीही काही फुलं नियमाबाहेरची निघतातच. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला लोकसहभागातून ६५७ तबकड्या तपासल्या गेल्या, निष्कर्ष २०१६ साली छापून आले. साधारण पाचातली एक तबकडी साध्या फिबोनाची आकड्यांत बसली नव्हती. काहींत ४७ आणि ७६ असे लुकास मालिकेतले आकडे होते (बेरजेचा नियम तोच, सुरुवात २ आणि १ ने).

हेच आकडे का, हे बांधावर बसून कागदावर काढता येतं. सूर्यफुलात दर नवा अंकुर आधीच्या अंकुरापासून साधारण १३७.५ अंश वळून येतो. पूर्ण वर्तुळाचे सुवर्ण गुणोत्तरात दोन भाग केले की धाकटा भाग तेवढ्याच अंशांचा. आलेख कागदाच्या मध्यापासून n व्या बीचं अंतर ५ मिलिमीटर गुणिले √n ठेवा, म्हणजे शंभरावी बी ५ सेंटिमीटरवर येते. कोन मात्र मागच्या ठिपक्यापासून पुढे मोजत जाऊ नका. कोनमापकाची अर्ध्या अंशाची चूक दर खेपेला एकाच बाजूला पडली, तर शंभराव्या बीपर्यंत ती पन्नास अंश होते. प्रत्येक कोन शून्य रेघेपासूनच घ्या: n गुणिले १३७.५, त्यातून ३६० च्या पटी वजा. आठवी बी शून्य रेघेपासून २० अंशांवर पडते, तेरावी दुसऱ्या बाजूला १२.५ वर, एकविसावी पुन्हा अलीकडे ७.५ वर, चौतिसावी पलीकडे ५ वर, पंचावन्नावी अलीकडे २.५ वर. रेघेच्या दोन्ही अंगांनी बिया जवळ येत जातात, पण रेघेवर एकही बसत नाही. शंभर बियांच्या चित्रात कडेच्या बीला खेटून असलेल्या बिया म्हणजे २१ नंबर आधीची आणि ३४ नंबर आधीची, मध्यम तबकडीच्या कडेला ३४ आणि ५५ नंबर आधीच्या. डोळ्याला दिसणारे वळसे या शेजाऱ्यांचेच. त्याऐवजी १३५ अंश घेऊन बघा: दर आठवी बी त्याच रेघेवर, आठ आऱ्यांचं चाक तयार आणि मधली जागा वाया.

झाडाला भागाकार येत असावा असं मात्र नव्हे. नवा अंकुर जुन्यांपासून लांब, जिथे मोकळी जागा जास्त तिथे फुटतो. हा नियम होफमाइस्टर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये मांडला. १९९२ मध्ये दुआदी आणि कुदे या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी एकमेकांना लोटणारे चुंबकीय द्रवाचे थेंब तेलाच्या थाळीत सोडून हाच कोन मिळवला. आकडे तर आपल्याकडे छंदशास्त्रातून आलेले. लघु एक मात्रा, गुरू दोन. आठ मात्रांचं आवर्तन किती तऱ्हांनी भरेल? ३४. जैन आचार्य हेमचंद्राने बाराव्या शतकात ही मोजणी दिली आहे, फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ चा. सोलापूर हे शाहीर राम जोशींचं गाव, तेव्हा एखादी लावणी मात्रा पाडून बघायला हरकत नाही.

परतीला पुणे रस्त्यावर केगावकडे वळलात तर डाळिंबाची पानं जरूर बघा. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र तिथेच आहे. डाळिंबाची पानं बहुधा समोरासमोर जोडीने येतात, १३७.५ चा तिथे पत्ता नाही. सुवर्ण गुणोत्तर 'निसर्गात सगळीकडे' म्हणणाऱ्यांना ही फांदी दाखवावी.

शहरात शिरल्यावर लक्ष्मी मंडईत अननस घ्या. डोळ्यांच्या ओळी एका दिशेला ८, दुसरीला १३ आणि उभट ओळी २१. सुरुवातीच्या डोळ्यात टाचणी टोचा, फळ फिरवा. दोन मिनिटांचं काम.

तळ्यातल्या सिद्धेश्वर मंदिराच्या फोटोवर सोनेरी आयत (बाजूंचं प्रमाण १.६१८) बसवण्याचा मोह आवरा. उंची कळसासकट धरायची की कळस सोडून, पाण्यापासून धरायची की चौथऱ्यापासून? पाणी तर ऋतूप्रमाणे वरखाली होतं. त्यात मोबाइल वर उचलून काढलेल्या फोटोत शिखर निमुळतं होतं. पाच टक्के सूट घेतली की १.५४ ते १.७० मधलं काहीही 'सुवर्ण' ठरतं. खिशातलं एटीएम कार्डसुद्धा. ते ८५.६० बाय ५३.९८ मिलिमीटर, म्हणजे १.५८६.

शेवटी पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात. चादर मोजताना ती फरशीवर सैल पसरा, ताणू नका. रुंदी दोन्ही टोकांना आणि मध्ये अशी तीनदा घ्या, दशा धरू नका. धुतलेली आणि कोरी यांची तुलना करू नका, कारण सुती कापड लांबी-रुंदीत सारखं आटत नाही. लेबलवर ६० बाय ९० इंच, प्रमाण नेमकं दीड. रुंदी मागाच्या फणीने ठरते आणि लांबी झोपणाऱ्या माणसाने. गणिताला इथे कुणी विचारलेलं नाही. साठ इंची चादर सुवर्ण करायची तर लांबी ९७ इंच हवी. तशी मुद्दाम विणून घेता येईल, पण बाजारातली गादी ७२ ते ७८ इंचांची, तेव्हा पायथ्याशी दीड-दोन फूट खोचायची तयारी ठेवा.