किनाबातांगानला दिसतं, दानुमला शोधावं लागतं

बोर्निओला जाऊन आलो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: ओरांगउटान दिसला का? दिसला. पण तो कुठे आणि कसा दिसला हे जास्त महत्त्वाचं आहे, आणि निघण्यापूर्वी ते कुणी सांगितलं तर सहलीची आखणीच वेगळी होते. म्हणून जरा तपशिलात लिहितोय.

आम्ही फिरलो ते बोर्निओ बेटावरच्या, मलेशियाच्या साबा राज्यात. कोटा किनाबालूहून सांडाकान, तिथून सेपिलोक आणि किनाबातांगान नदीकाठचं सुकाऊ, मग लाहाद दातूमार्गे दानुम व्हॅलीचं जंगल. कोटा किनाबालू ते सांडाकान विमानाने पाऊण तास लागतो. बसने साधारण सहा तास, पण वाटेत ४,०९५ मीटरचा किनाबालू पर्वत दिसतो. तोही ढगांची मर्जी असेल तर. कागदपत्रांचं थोडक्यात: मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं. साबाचं इमिग्रेशन वेगळं आहे, त्यामुळे क्वालालंपूरहून देशांतर्गत विमानाने आलात तरी पासपोर्ट पुन्हा दाखवावा लागतो. तो चेक-इन बॅगेत टाकू नका.

सेपिलोक हे ओरांगउटान पुनर्वसन केंद्र १९६४ पासून चालू आहे. अनाथ झालेली किंवा पाळलेली पिल्लं इथे आणतात, चढायला आणि खायला शिकवतात आणि हळूहळू शेजारच्या राखीव जंगलात सोडतात. सकाळी दहा आणि दुपारी तीनला फळं ठेवतात, तेव्हा त्या मचाणासमोर माणसांची जी गर्दी होते ती पाहून थोडं खट्टू व्हायला होतं. तरी जा. दोरावरून एका हाताने लोंबकळत येणारं पिल्लू पाहिलं की कुरकुर संपते. मात्र ते जंगलातलं दर्शन म्हणून मोजू नका. बॅगा बाहेर लॉकरमध्ये ठेवायच्या आणि पाण्याची बाटलीसुद्धा सांभाळायची, कारण तिथल्या माकडांचा हात चलाख आहे. रस्त्यापलीकडे मलायी अस्वलांचं केंद्र आहे. तिथून जवळच्याच रेनफॉरेस्ट डिस्कव्हरी सेंटरमध्ये झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवर लोखंडी पूल बांधलाय. पक्षी पाहणाऱ्यांनी पहाटे तिथेच जावं. संध्याकाळी थांबलात तर उडत्या खारी एका खोडावरून दुसऱ्यावर तरंगत जाताना दिसू शकतात.

सांडाकान ते सुकाऊ रस्त्याने दोन-अडीच तास. वाटेत खिडकीतून जंगल दिसेल अशी अपेक्षा असेल तर ती सोडा. दोन्ही बाजूंना पाम तेलाचे मळे, टेकडीमागून टेकडी, सगळी झाडं एका उंचीची आणि एका रांगेत. आमच्यातली एक मैत्रीण कंटाळून झोपली. पुढे जे दिसणार होतं त्याचं कारण मात्र याच रस्त्यावर होतं.

याच वाटेवर गोमांतोंगच्या गुहा लागतात. चुनखडीच्या त्या प्रचंड दालनात लाखोंनी वटवाघळं राहतात आणि छताला पाकोळ्यांची घरटी असतात. लाळेपासून बनलेली ही घरटी चिनी सूपसाठी विकली जातात. ती काढायला माणसं वेताच्या शिड्यांवरून थेट छताला भिडतात, ठराविक हंगामात आणि परवान्याने. खाली विष्ठेचा ढीग, आणि तो ढीग हलताना दिसतो, कारण त्यावर झुरळांचा थर असतो. लाकडी पुलाच्या कठड्याला हात लावायचा मोह टाळा, त्यावरही तीच मंडळी असतात. टोपी हवीच. वासाबद्दल काही लिहीत नाही.

आता किनाबातांगान. ५६० किलोमीटर लांबीची, दुधाळ चहाच्या रंगाची नदी. सुकाऊ आणि बिलित या गावांत लॉजपासून घरगुती मुक्कामापर्यंत सगळं मिळतं. पहाटे, संध्याकाळी आणि रात्री बोटीतून फिरायचं, हाच इथला कार्यक्रम. पहिल्याच संध्याकाळी मेनांगुल या उपनदीत शिरलो आणि लांबनाक्या माकडांचा अख्खा कळप डोक्यावर होता. ही माकडं फक्त बोर्निओ बेटावर आहेत. नराचं नाक ओठांवरून खाली लोंबतं आणि पोट कायम फुगलेलं असतं, कारण पानं पचवायला त्याच्या पोटात आंबवण्याची सोय असते. संध्याकाळी ती मुक्कामाला नदीकाठच्या झाडांवर येतात, म्हणून ती वेळ चुकवायची नाही. एक मादी पिल्लाला पोटाशी धरून या काठावरून त्या काठावर झेपावली, फांदी वाकून पाण्याला टेकली आणि मग वर आली. पिल्लाने तोंडसुद्धा वळवलं नाही.

पुढच्या फेऱ्यांमध्ये शिंगचोच्या धनेश (उडताना पंखांचा फुसफुस आवाज आधी ऐकू येतो), खाऱ्या पाण्यातली मगर, फांदीवर गोळा होऊन झोपलेला खंड्या आणि फळं लगडलेल्या उंबराच्या जातीच्या झाडावर एक जंगली ओरांगउटान दिसला. हत्ती मात्र नाहीत. चिखलात ताजी पावलं आणि लेंडं होती, कळप आदल्या रात्री वरच्या अंगाला गेला होता. हत्तींसाठी जाणार असाल तर नावाड्याला आधी फोन करून कळप कुठे आहे ते विचारा. ही माणसं एकमेकांना कळवत असतात.

एवढं सगळं इतक्या सहज का दिसतं? कारण उरलेलं जंगल बऱ्याच ठिकाणी नदीकाठची पट्टीच आहे. तिच्यामागे मळे सुरू होतात. जनावरांना मागे सरकायला जागाच नाही. २००५ साली इथे सुमारे २६,००० हेक्टरचं अभयारण्य जाहीर झालं, पण तेही तुकड्यातुकड्यांत विभागलेलं आहे. हे कळल्यावर बोटीतला आनंद कमी होत नाही, पण त्याला एक किनार येते.

म्हणूनच दानुम व्हॅलीला जाणं आवश्यक वाटतं. ४३८ चौरस किलोमीटरचं हे जंगल कधीच तोडलं गेलेलं नाही. लाहाद दातूहून कच्च्या रस्त्याने दोन तासांहून जास्त लागतात. आत राहण्याचे मुख्य पर्याय दोन, एक महागडं लॉज आणि दुसरं संशोधकांसाठी उभारलेलं फील्ड सेंटर. पाठपिशवीवाल्यांनी दुसरं निवडावं. जागा आधी पत्रव्यवहार करून घ्यावी लागते आणि त्यांची गाडी ठराविक वारीच सुटते. त्यामुळे आधी दानुमची तारीख पक्की करा आणि बाकीची सहल तिच्याभोवती बसवा. उलटं करायला गेलात तर लाहाद दातूत अडकून पडाल, आणि तिथे करण्यासारखं फार काही नाही.

दानुममध्ये पहिल्या दिवशी जवळपास काहीच दिसत नाही. सेगामा नदीवरचा झुलता पूल ओलांडला की उजेड कमी होतो आणि मान वर करून करून दुखायला लागते. याच खोऱ्यातलं एक पिवळं मेरांटीचं झाड २०१९ मध्ये कुणीतरी वर चढून टेपने मोजलं, ते १०० मीटरच्या वर भरलं. त्या छतावरची जनावरं खालून दिसायची कशी? इथे कान लागतात. पहाटे गिबनच्या जोडीचं चढत जाणारं गाणं, संध्याकाळी सहाच्या सुमारास करवतीसारखा आवाज करणारा सिकाडा हा किडा. आमचा वाटाड्या फळांची उष्टी सालं जमिनीवर बघायचा, हुंगायचा, मग वर बघायचा. असंच दुसऱ्या दिवशी एक मादी ओरांगउटान सापडली. ती संध्याकाळचं घरटं बांधत होती, रोज नवं बांधतात तसं. फांद्या वाकवणं, पानं दाबणं, आडवं होऊन बघणं, पुन्हा उठून एक फांदी ओढणं. सगळं मिळून काही मिनिटं. समोर मचाण नाही, गर्दी नाही. मी वर ‘कसा दिसला’ म्हटलं ते यासाठी.

जळवांबद्दल. दोन प्रकार भेटतात. जमिनीवरची तपकिरी जळू कधी चिकटली ते कळतही नाही. पट्टेदार जळू पानांवर कंबरेच्या उंचीला बसते आणि तिचा चावा चांगलाच झोंबतो. घट्ट विणीचे जळूमोजे घ्या आणि शर्ट पँटमध्ये खोचा, फॅशनचा विचार बाजूला ठेवून. चिकटलीच तर मीठ किंवा लायटर नको. नखाने आधी तिचं बारीक टोक सरकवा, मग दुसरं. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असल्यामुळे जखम बराच वेळ वाहते, घाबरू नका.

मलेरियाचा विषय जळवांपेक्षा गंभीर आहे. साबामध्ये माकडांमधून डासांमार्फत माणसात येणारा नोलेसी नावाचा मलेरिया आहे. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, संध्याकाळी पूर्ण बाह्या घाला, आणि परतल्यावर ताप आला तर कुठे जाऊन आलात हे आपणहून सांगा. विम्याचंही तपासा. पूर्व साबाच्या किनाऱ्यावरच्या सुरक्षेबद्दल काही देशांच्या सरकारी सूचना आहेत आणि काही विमा पॉलिसी त्या आधारे हात वर करतात.

सामानात सुती कपडे कमीच ठेवा, ते वाळतच नाहीत. एक ड्राय बॅग, डोक्याला बांधायची विजेरी आणि बरी दुर्बीण हवी. कॅमेऱ्याच्या मोठ्या लेन्सपेक्षा दुर्बीण जास्त कामाला आली. एसी खोलीतून थेट बाहेर काढली की काच धुरकट होते, म्हणून दहा-पंधरा मिनिटं आधी बाहेर ठेवा. रोख रिंगिट सांडाकानमध्येच काढा.

शाकाहारींसाठी एक इशारा. भाजी मागितली तरी तिच्यात बेलाचान असू शकतं, म्हणजे जवळ्यासारख्या बारीक कोळंबीची आंबवलेली चटणी. ‘तनपा बेलाचान’ एवढे दोन शब्द पाठ करा, काम होतं.

जास्त पाऊस साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. मार्च ते ऑक्टोबर बरा, पण तेव्हाही दुपारी झोडपणारच. दिवस कमी असतील तर गोमांतोंग गाळा, सेपिलोक अर्ध्या दिवसात उरका, पण दानुमला किमान तीन रात्री द्या. आणि आधी किनाबातांगान, मग दानुम हाच क्रम ठेवा. नदीवर डोळा तयार झालेला असतो, तो जंगलात उपयोगी पडतो.