तुम्ही विचारलंत म्हणून: पहिल्या दिवशी दहाच किलोमीटर का?

इंग्लंडमधल्या ‘कॉट्सवोल्ड वे’ या पायवाटेचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: बाथ शहरापर्यंत १६४ किलोमीटर चालायचे असताना पहिल्याच दिवशी दहाएक किलोमीटरांवर, ब्रॉडवे गावात, मुक्काम कशासाठी? माझे उत्तर असे की, पुढे ज्या मुलखातून चालायचे त्याची ओळख याच टप्प्यात होते आणि ती घाईने होत नाही.

वाट चिपिंग कॅम्पडेनहून निघते. निघण्याआधी तिथल्या सेंट जेम्स चर्चमध्ये अवश्य जावे. १४०१ मध्ये वारलेल्या विल्यम ग्रेव्हल या व्यापाऱ्याचे पितळी स्मारक तिथे जमिनीत बसवलेले असून, त्यावरच्या लॅटिन लेखात त्याला साऱ्या इंग्लंडच्या लोकर-व्यापाऱ्यांचे भूषण म्हटले आहे. मधाच्या रंगाच्या चुनखडीतले हे गाव लोकरीच्या पैशावर उभे राहिले, हे ठाऊक झाल्यावर वाटेत चरणाऱ्या मेंढ्यांकडे नुसती शोभा म्हणून पाहता येत नाही.

डोव्हर्स हिलच्या कड्यावरून इव्हशॅमचे खोरे पाहून पुढे निघाले की वाट गवताळ माळांवरून आणि लोकांच्या शेतांमधून जाते. मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच. जमीन खासगी असली तरी तिच्यावरून चालण्याचा हक्क सर्वांचा आहे. असे हक्क नकाशांवर नोंदवण्याची जबाबदारी १९४९ च्या कायद्याने स्थानिक प्रशासनावर टाकली. शेतातून जाणारी वाट नांगरली गेली, तर ती ठरलेल्या मुदतीत पुन्हा चालण्याजोगी करून देणे आणि उभ्या पिकातही किमान एक मीटर रुंद मोकळी ठेवणे शेतकऱ्याला बंधनकारक असते. दोन्ही बाजूंना कमरेएवढे पीक आणि मधून आपल्यासाठी राखलेली पट्टी, अशा ठिकाणी पाय आपोआप सावकाश पडतात, आणि ते तसेच पडावेत असे मला मनापासून वाटते.

शेतांच्या कडेचे दगडी बांधही थांबून पाहण्यासारखे आहेत. कोकणातल्या गडग्यासारखे तेही चुना-सिमेंटावाचून रचलेले असतात. जवळ जाऊन पाहिले तर दोन्ही अंगांच्या भिंती वर जाताना एकमेकींकडे कलत गेलेल्या दिसतात. मधली पोकळी बारीक दगडांनी भरलेली असते, दोन्ही अंगे धरून ठेवायला अधूनमधून आरपार जाणारा लांब दगड असतो आणि माथ्यावर चपटे दगड उभे लावलेले असतात. पावसाचे पाणी फटींतून निघून जाते, म्हणून चांगला बांध पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

त्यानंतर ३१२ मीटर उंचीच्या टेकडीवर ब्रॉडवे टॉवर लागतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस केवळ हौसेखातर बांधलेल्या या मनोऱ्यात कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस सुटीत येऊन राहिले होते. हवा स्वच्छ असेल तर इथून वेल्सचे डोंगर दिसतात, त्यामुळे जेवणाची शिदोरी इथेच सोडावी. खाली ब्रॉडवेपर्यंत सगळा उतारच आहे.

दुसऱ्या दिवशीचा विंचकोम्बचा टप्पा सुमारे १९ किलोमीटरांचा असून त्यात चढउतार बरेच आहेत. झपझप चालण्याची हौस ज्यांना असेल त्यांनी ती तिथे भागवावी. हे दोन टप्पे जोडून एका दिवसात मात्र उरकू नयेत, असे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला आग्रहाने सांगते.