पिक दु मिदीवर मुक्काम: तारीख पंचांग बघून ठरवा

दक्षिण फ्रान्समध्ये, पिरेनीज पर्वतात, पिक दु मिदी द बिगोर हे २,८७७ मीटर उंचीचं शिखर आहे. तिथल्या वेधशाळेचं बांधकाम १८७८ साली सुरू झालं. १९६३ साली बसवलेल्या एक मीटर व्यासाच्या दुर्बिणीतून अपोलो मोहिमांसाठी चंद्राचे फोटो काढून नकाशे तयार झाले. आज याच इमारतींत पर्यटकांना रात्री राहून आकाश बघता येतं.

खोल्या मोजक्याच असल्याने बुकिंग काही महिने आधी करावं लागतं. बहुतेक जण शनिवार-रविवार बघून तारीख घेतात आणि तिथेच चुकतात. पौर्णिमेच्या आसपास आकाशगंगा जवळजवळ पुसली जाते. अमावास्येच्या मागचे-पुढचे चार-पाच दिवस धरा, आणि शक्यतो सप्टेंबर. जूनमध्ये सूर्यच साडेनऊनंतर मावळतो. पूर्ण अंधार व्हायला मध्यरात्र उजाडते. सप्टेंबरात तोच अंधार दहाच्या आत मिळतो.

ला मोंजी या १,८०० मीटरवरच्या गावातून रोपवे निघतो. म्हणजे रोपवेत बसण्याआधीच तुम्ही कळसूबाईपेक्षा उंचावर असता. ताउले या मधल्या स्थानकावर डबा बदलायचा. एकूण पंधरा मिनिटं. एवढ्या कमी वेळात हजार मीटर वर गेल्यावर डोकं जड होणं स्वाभाविक आहे: हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के असतो. जिने सावकाश चढा, पाणी पीत राहा, वाइन बेताची घ्या. (पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे चहा आपल्यासारखा कडक होत नाही.) शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा. वारा जोराचा असला की रोपवे बंद राहतो, म्हणून परतीचं विमान दुसऱ्याच दिवशीचं ठेवू नका.

उन्हाळ्यातही रात्री तापमान शून्याजवळ येतं. गच्चीवर तास-दोन तास नुसतं उभं राहायचं असतं, त्यामुळे ट्रेकच्या जॅकेटवर भागत नाही; थर्मल, लोकरीची टोपी, हातमोजे, जाड मोजे हवेतच. मोबाइलची बॅटरी थंडीत भराभर उतरते, म्हणून तो आतल्या खिशात ठेवा. शिवाय एकदा पांढरा उजेड डोळ्यांत गेला की ते पुन्हा अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. लाल उजेडाचा टॉर्च न्या.

ढग आले म्हणून लगेच खट्टू होऊ नका. ते शिखराच्या खाली थांबले तर दरीतल्या गावांचे दिवे झाकले जातात आणि आकाश आणखी काळं दिसतं. रात्र फुकट जाते ती ढग शिखरावरच बसले तर.

एक गोष्ट मात्र आपल्याकडेच चांगली. पिक दु मिदीवरून ध्रुवतारा क्षितिजाच्या ४३ अंश वर दिसतो, पण धनू राशीतला आकाशगंगेचा मध्यभाग दक्षिणेला जेमतेम १८ अंश चढतो. महाराष्ट्रातून तो चाळीस अंशांच्या वर येतो. ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ तर इथे क्षितिजालाच टेकलेला असतो. त्यामुळे इथे उत्तरेकडचं आकाश आधी बघून घ्या: देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा, आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह) सप्टेंबरात नुसत्या डोळ्यांनीही सहज सापडते.