संमतीचा घटस्फोट, आणि मुलाच्या वाट्याला दोन ओळी

परस्पर संमतीच्या घटस्फोटात फ्लॅट, दागिने, एकरकमी पोटगी यांवर महिनोन् महिने घासाघीस चालते. मुलाचं कलम मात्र शेवटच्या दिवशी उरकलं जातं: ‘ताबा आईकडे राहील, वडिलांना सोयीनुसार भेटता येईल.’ सोय कोणाची, यावरून पुढची कित्येक वर्षं कौटुंबिक न्यायालयाच्या पायऱ्या झिजतात.

ताब्याचं थोडक्यात. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असतं. पाच पूर्ण झाली की आपोआप बापाकडे जातं, हा निव्वळ गैरसमज. निकष मुलाच्या हिताचाच. ताब्याचा कुठलाही आदेश कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो.

खरी मेहनत भेटीच्या कलमावर घ्या. ‘पहिला आणि तिसरा शनिवार’ आणि ‘एक आड एक शनिवार’ यांत फरक आहे. पाच शनिवारांच्या महिन्यात तो बरोबर उफाळून येतो. म्हणून असं लिहा: पहिल्या व तिसऱ्या शनिवारी सकाळी १० ते रविवारी संध्याकाळी ६, नेणं-आणणं वडिलांकडे, मुलाला सोसायटीच्या गेटवर सोपवायचं, उशीर झाला तर अर्धा तास थांबायचं. मूल आजारी पडलं किंवा परीक्षा आली तर बुडालेली भेट कोणत्या शनिवारी भरून द्यायची, तेही. दिवाळीची सुट्टी सम वर्षी पहिली अर्धी आईकडे, विषम वर्षी वडिलांकडे. मे महिन्याची निम्मी-निम्मी. गणपती वडिलांच्या गावी असतील तर त्या दिवसांचा स्वतंत्र उल्लेख हवा, कारण ते शाळेच्या सुट्टीत बसतीलच असं नाही. फोनची वेळसुद्धा ठरवा. यशिता साहू प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने ताबा नसलेल्या पालकाला रोज ५-१० मिनिटं मुलाशी बोलता यावं, असं म्हटलं आहे.

आता पैसे. पोटगीच्या अर्जात दोघांनाही मिळकत, कर्ज आणि खर्चाचं शपथपत्र द्यावं लागतं (सर्वोच्च न्यायालय, रजनेश विरुद्ध नेहा, २०२०). संमतीच्या प्रकरणातही तोच नमुना आधी भरून पाहावा. ‘महिन्याला दहा हजार बास’ हा आकडा हवेतला आहे की नाही, ते लगेच कळतं. मासिक रक्कम वेगळी. शाळेची फी, क्लास, वैद्यकीय विम्याचा हप्ता आणि दवाखान्याचं मोठं बिल वेगळं. दोघं कमावते असतील तर हे खर्च मिळकतीच्या प्रमाणात वाटून घ्या. दरवर्षीची वाढ लिहायला विसरू नका: १२,००० रुपयांवर दरसाल १० टक्के धरले तर सहाव्या वर्षी सुमारे १९,३०० होतात. वाढ लिहिली नाही तर तेवढ्यासाठी नवा अर्ज करावा लागतो.

‘मुलासाठीही काही मागणार नाही’ असं आईने लिहून दिलं तरी मुलाचा हक्क संपत नाही, त्यामुळे त्या वाक्याच्या भरवशावर वडिलांनी निर्धास्त राहू नये. दुसरी नेहमीची चूक म्हणजे भेट आणि पैसे एकमेकांना बांधणं. भेट नाकारली म्हणून पैसे थांबवता येत नाहीत, आणि पैसे थकले म्हणून भेटही अडवता येत नाही. पैसे बँकेतूनच द्या, कोणत्या महिन्याचे ते शेऱ्यात लिहून.

थकबाकी साचू देऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४खाली (पूर्वीचं १२५) पोटगीचा आदेश असेल, तर रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुली वॉरंटचा अर्ज हवा. चौदा महिने गप्प बसलात तर पहिल्या दोन महिन्यांसाठी तो वॉरंटचा मार्ग बंद होतो. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यातली (न्यायालयाच्या अंतिम निर्णयातली) रक्कम थकली तर दरखास्त, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करायची. तुरुंगात जाऊन आलं तरी थकबाकी माफ होत नाही.

संमतीच्या घटस्फोटातल्या पहिल्या आणि दुसऱ्या अर्जामधले सहा महिने (न्यायालयाने माफ केले नसतील तर) ठरलेलं वेळापत्रक प्रत्यक्ष चालवून बघायला वापरावेत. गुरुवारचा क्लास, आजीचं आजारपण, शनिवारची शाळा हे सगळं तेव्हाच उघडं पडतं, आणि कलमं अजून दुरुस्त करता येतात. मुलाचा पासपोर्ट, परदेश प्रवास, शहर बदलायचं झाल्यास किती दिवस आधी लेखी कळवायचं, शाळेच्या ॲपचं लॉगिन दोघांना मिळणार का, हेही त्यातच बसवून टाका.

हुकूमनामा झाला की प्रमाणित प्रती जास्तीच्या काढा आणि एक शाळेत द्या. मुलाला घ्यायला कोण येणार, यावरून पहिला वाद बहुधा तिथेच होतो.