तुम्ही विचारलंत म्हणून: त्या लांब बॅगेत काय असतं?

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीतल्या काकूंनी लिफ्टमध्ये विचारलं, "एवढी लांब बॅग, आत काय असतं गं?" मी म्हटलं, रायफल. त्यावर नेहमीचा दुसरा प्रश्न आला: "अगं, आणि बंदूक घेऊन अशी शहरभर फिरतेस? पोलीस धरत नाहीत?" सातवा मजला आला, काकू उतरल्या आणि उत्तर अर्धंच राहिलं. हाच प्रश्न मला रिक्षावाले, सहप्रवासी, ऑफिसातले लोक, नव्या मुलांचे आईवडील सगळेच विचारतात. म्हणून आज सविस्तर लिहिते.

मी मूळची कोल्हापूरची, आता पुण्यात. ५० मीटर प्रोन मारते, म्हणजे पालथं पडून पॉइंट टू-टू, ०.२२ इंची नळीच्या रायफलीने. आमच्या गावाकडे या खेळाची ओळख करून द्यावी लागत नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला याच प्रकारात जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) ऑलिंपिक ब्राँझ आणलं, तेव्हापासून पुण्यातही लोक जरा वेगळ्या नजरेनं विचारतात. तरी शहरात बंदूक म्हटलं की माणूस आधी दचकतो. आणि मला त्याचं दचकणं अगदी बरोबर वाटतं.

आता उत्तर. हो, नेता येते. पण झाकून न्यायची. हे माझं मत नाही, २०१६ च्या शस्त्र नियमांतच आहे: सार्वजनिक जागी रायफल न्यायची तर तिच्यासाठी केलेल्या केसमध्ये, पूर्ण झाकलेली, आणि नेणाऱ्याचा तिच्यावर पूर्ण ताबा हवा. खांद्यावर उघडी टाकून मिरवायला परवाना मिळत नाही. मात्र झाकणं आणि लपवणं यांत फरक आहे, आणि तो मी एका रिक्षावाल्याकडून शिकले.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, बालेवाडीच्या नेमबाजीच्या रेंजवरून निघायला मला उशीर झाला होता. रिक्षावाल्या दादांनी विचारलं, "ताई, काय आहे यात?" दमले होते, समजावत बसायचा कंटाळा आला आणि मी म्हटलं, "गिटार." बरेच नेमबाज हेच सांगतात. पुढे दादांनी त्यांच्या मुलीला गाण्याची आवड असल्याचं सांगितलं, क्लासची फी किती असते ते विचारलं, आणि मी एका खोट्यावर दुसरं रचत गेले. वाटेत नाकाबंदी लागली. हवालदारांनी बॅटरी मारून विचारलं, "मॅडम, यात काय?" तिथे गिटार म्हणायचा प्रश्नच नव्हता. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून सांगितलं, "साहेब, नेमबाजीची रायफल आहे. रिकामी आहे. परवाना पर्समध्ये आहे, काढू का?" त्यांनी परवाना पाहिला, केस उघडायला लावली, रायफलीवरचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी ताडून पाहिला आणि पाच मिनिटांत सोडलं. पोलिसांचा काहीच त्रास झाला नाही. पण पुढचा सगळा रस्ता दादा एक अक्षर बोलले नाहीत. घराशी उतरताना एवढंच म्हणाले, "आधी सांगायचं ना ताई. आम्हालाही घर आहे."

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यांच्या जागी मी असते तर? मागच्या सीटवर अनोळखी बाई, खोटं बोललेली, आणि शेजारी बंदूक. तेव्हापासून मी आपणहून कुणाला सांगत बसत नाही, पण विचारलं तर खरंच सांगते. "खेळाची रायफल आहे, रिकामी आहे, परवाना आहे." कुणी न्यायला नको म्हणालं तर दुसरी रिक्षा बघते. तसं आजवर दोनदाच झालं.

मग झाकायची कशाला? एक कारण मघाशी आलंच, शेजारी बसलेल्या माणसाला उगाच धास्ती नको. दुसरं कारण चोरी. केसवर कंपनीचं नाव ठळक छापलेलं असतं, आणि वॉल्थर किंवा आन्शुट्झ म्हणजे काय हे ज्याला कळतं त्याला आतल्या वस्तूची किंमतही कळते. माझ्या केसला आईने जुन्या सतरंजीची खोळ शिवून दिली आहे. निळे-पांढरे पट्टे आहेत, कडेला कापडी बंद. ती घातली की बॅग सतार असावी, घडीचं टेबल असावं किंवा काहीही. खोळ काही खोटं बोलत नाही, फक्त आपण होऊन काही सांगत नाही.

आत काय कसं असतं, तेही सांगते, कारण खरी सुरक्षितता तिथे आहे. रेंजवरून निघताना बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलून ती मागून बंद करणारा दांडा, काढून वेगळ्या पिशवीत. नळीत सेफ्टी फ्लॅग, एक नारिंगी दोरी, म्हणजे केस उघडताक्षणी कुणालाही कळावं की आत काडतूस नाही. डायॉप्टर, म्हणजे मागचं नेम धरायचं साधन, काढून स्पंजाच्या डबीत. हे शेवटचं मात्र माझ्या स्वार्थासाठी. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. पुण्यातल्या एका खड्ड्यातल्या दणक्यानं ही साइट जराशी हलली तरी दुसऱ्या दिवशी पहिले दहा नेम ती जागेवर आणण्यात जातात. काडतुसं रायफलीच्या केसमध्ये कधीच नाहीत, ती वेगळ्या कुलूपबंद डब्यात. सामना ६० नेमांचा, सरावाचे धरून मी १०० नेते, घरातला सगळा साठा बरोबर घेऊन फिरत नाही. मूळ परवाना अंगाजवळच्या पर्समध्ये, झेरॉक्स केसमध्ये, आणि सामना असेल तर प्रवेशपत्र किंवा नेमबाजी असोसिएशनचं पत्र त्याच्याबरोबर.

नव्या मुलांचे पालक इथे हमखास विचारतात, "पण आमच्या मुलाची तर एअर रायफल आहे, तिला परवाना लागत नाही ना?" १० मीटरच्या रायफलीला लागत नाही, खरं आहे. ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० जूलपर्यंतची ताकद असेल तर परवान्याची गरज नाही, आणि स्पर्धेची एअर रायफल २० जूलच्या निम्म्यालाही पोचत नाही. पण नाक्यावरच्या माणसाला लांबून काय कळणार? त्याला दिसते ती बंदूकच. म्हणून तीही तशीच केसमध्ये, फ्लॅग घालून, आणि सोबत खरेदीची पावती न् क्लबचं ओळखपत्र. एक गोष्ट पालकांना ठाऊक नसते: तिच्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत हवा भरलेली असते. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ती ठेवून जेवायला बसू नका. खरं तर कुठलीच रायफल गाडीत एकटी ठेवू नका. वडापाव घ्यायला उतरायचं असेल तर एकाने गाडीत बसायचं. मी एकटी असले तर उतरतच नाही.

रेल्वेचा प्रवास सगळ्यांत लांबलचक वाटतो. भोपाळ किंवा दिल्लीच्या स्पर्धेला जायचं तर आधी परवान्यावरचं क्षेत्र बघायचं. फक्त महाराष्ट्रापुरता असेल तर राज्याची हद्द ओलांडण्याआधी तशी परवानगी काढून घ्यावी लागते, आणि हे काम शेवटच्या आठवड्यात होत नाही. मी खालचा बर्थ घेते, रायफल भिंतीकडच्या बाजूला आणि मी कडेला. तिच्या जाडीमुळे रात्रभर कूस बदलता येत नाही. शक्यतो दोघींनी मिळून जायचं, नाहीतर बाथरूमला जायचीही पंचाईत. विमानात ती हातातल्या सामानात चालत नाही. काउंटरवर आपण होऊन सांगायचं, कागद दाखवायचे आणि चेक-इनला द्यायची. दोन तास जास्तीचे धरून निघावं. मेट्रोनं मी जात नाही. सामान तपासायच्या यंत्राच्या पडद्यावर नळी उमटणार, मागे ऑफिसची रांग, सगळ्यांच्या माना वळणार, त्यापेक्षा रिक्षा बरी.

आणि काही दिवस असे असतात की न्यायचीच नाही. गणपतीत, विशेषतः विसर्जनाच्या दिवशी, परवाना कितीही पक्का असला तरी गर्दीत रायफल घेऊन उतरणं मला पटत नाही. शहरात शस्त्रबंदीचे आदेशही अधूनमधून निघतात, घरातून बाहेर पडण्याआधी ते वाचायचे. निवडणुकीच्या आचारसंहितेत परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. खेळाडूंना त्यातून सूट मिळते, पण ती घरबसल्या गृहीत धरायची नसते, असोसिएशनचं पत्र घेऊन ठाण्यात जाऊन विचारायचं. अशा दिवसांत मी घरातच ड्राय मारते. काडतूस नाही, आवाज नाही, भिंतीवर ठिपका आणि ट्रिगरवर बोट. तासभर तसं केलं की मान आणि डावा कोपर रेंजवर जाऊन आल्यासारखेच दुखतात.

काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढं लांबलं. उरलं ते फक्त घरी आल्यानंतरचं. दार आतून लावते, खोळ काढते, केस उघडते. रेंजवर दोनदा तपासलेलं असतं, तरी फ्लॅग ओढून काढते आणि बोल्टच्या रिकाम्या जागेतून नळी उजेडाकडे धरून बघते. पलीकडे ट्यूबलाइटचा पांढरा गोल स्वच्छ दिसला की रायफल कपाटात, कुलूप, किल्ली माझ्याजवळ. काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात. त्यानंतर चपला काढते आणि चहा टाकते.