बंड्याच्या मार्करवरची रेघ

गेल्या थंडीत बंड्या (खरं नाव हे नाही) बुटाच्या खोक्यात चिंध्यांत गुंडाळलेला एक जुना ऑटोकॉकर (पेंटबॉलची बंदूक) घेऊन आमच्या गॅरेजमध्ये आला आणि म्हणाला, भावा, याला जरा आपला करून दे. गडी मूळचा कोल्हापूरचा, आता माझ्यासारखाच डेट्रॉइटच्या बाजूला राहतो, एक रविवार आड जंगलात पेंटबॉल, म्हणजे एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायचा खेळ, खेळायला जातो आणि दहा मिनिटांत अख्खा हॉपर (वरचा गोळ्यांचा डबा) रिकामा करून हात हलवत परत येतो. मी त्याला कितीदा सांगितलंय की 1981 साली न्यू हॅम्पशरमध्ये हेनिकरला पहिला डाव झाला, बारा जण होते, आणि जिंकला कोण तर रिची व्हाइट नावाचा फॉरेस्टर, ज्याने एकही गोळी झाडली नाही. झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करायचं पिस्तूल घेऊन ते खेळले, म्हणून अजूनही या बंदुकीला मार्कर म्हणतात. बंड्या ऐकतो, मान डोलावतो आणि पुढच्या रविवारी परत तेच.

ऑटोकॉकर म्हणजे वॉर गेम प्रॉडक्ट्सच्या (Worr) बड ऑरने हाताने पंप मारायच्या मार्करला स्वतःहून कॉक (पुढच्या गोळीसाठी तयार) व्हायला लावलेलं यंत्र. पुढे हवेचा दाब कमी करणारा छोटा रेग्युलेटर, हवेची दिशा बदलणारा थ्री-वे आणि हवेवर चालणारा दट्ट्या म्हणजे रॅम, ट्रिगर ओढला की गोळी सुटते आणि लगेच रॅम एका लांब दांड्याने मागचा ब्लॉक ढकलून परत आणतो. म्हणजे दर गोळीला एक ठोकळा तुमच्या नाकाच्या दिशेने येऊन परत जातो. नवीन इलेक्ट्रॉनिक मार्कर जास्त चांगले चालतात, वाद नाही, पण ती ठकठक बघायला जी मजा आहे ती त्यांच्यात नाही.

आधी जुनं काळं ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवरचा रंगीत कडक थर) कॉस्टिक सोड्यात उतरवलं (दार उघडं ठेवून, बाहेर बर्फ, आत मी कुडकुडतोय). मग खरं काम. बॉडीत दोन नळ्या एकावर एक असतात, वरच्यात बोल्ट, खालच्यात हॅमर आणि व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्हच्या पुढच्या पोकळीत शेकडो पीएसआय दाबाची हवा कोंडलेली असते. तिथे मी कटर टेकवत नाही म्हणजे नाही, बंड्याने कितीही नक्षी मागितली तरी. त्याला आधी वाघ हवा होता. म्हटलं ही हाताने फिरवायची ब्रिजपोर्ट मिलिंग मशीन आहे, रांगोळीचा छाप नाही. शेवटी तिरक्या पन्हाळी ठरल्या, दोन्ही बाजूंना पाच-पाच, मागे खोल आणि पुढे येताना उथळ होत जाणाऱ्या.

बॉडी पोकळ असल्याने व्हाइसमध्ये आवळली की नळी लंबगोल होते आणि बोल्ट अडकतो, म्हणून नायलॉनचा दांडा टर्न करून वरच्या नळीत घट्ट बसवला. वडील भोसरीत टर्नर होते, त्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर सगळं सोडून म्हणाले डायल इंचात का? आता हँडलचा एक फेरा दोनशे थाउ (इंचाचे हजारावे भाग) म्हणजे साधारण पाच मिलिमीटर, हे त्यांना कसं पटायचं. ॲल्युमिनियम कटरला चिकटतं म्हणून मी स्प्रे मारत होतो, ते तिकडून ओरडतायत रॉकेल घाल, रॉकेल. उजवीकडची तिसरी पन्हळ बोलता बोलता दहा थाउ जास्त खोल गेली, मग गपचूप डावीकडचीही तेवढीच केली. बंड्याला सांगितलं डिझाइन आहे.

रंग त्याला गुलालाचा हवा होता. ॲनोडायझिंगवाल्याने दिलेला रंग गुलाल आणि जांभळाच्या मधला काहीतरी आला, पण उन्हात झकास दिसतो.

आता मागचा ब्लॉक. दर गोळीला डोळ्यासमोर येणारी जागा, तिथे काय लिहायचं तर "दम धर". दुसरं काय लिहिणार या माणसासाठी? रंग झाल्यावर कोरलं की खालचं चंदेरी ॲल्युमिनियम चमकतं, म्हणून कोरायचं शेवटी ठेवलेलं. वर "दम", खाली "धर", बारीक बॉलनोज (गोल टोकाचा कटर), दहा थाउ खोल. देवनागरीत डोक्यावरची रेघ म्हणजे आराम, एक हँडल फिरवत राहायचं. द चं पोट आणि म ची गाठ म्हणजे दोन्ही हँडलं एकदम, श्वास रोखून, त्यालाच तासभर गेला. ते जमल्याच्या खुशीत खालच्या ओळीची रेघ मारली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात. आणि मग लक्षात आलं की ध च्या डोक्यावर रेघ पूर्ण जात नाही.

दम घर.

कोरायच्या आधी थोडा दम मीच धरायला हवा होता. वरचा थर सपाट कापून परत कोरता आला असता, पण मग रंग गेला, एका ठोकळ्यासाठी तो माणूस पूर्ण बॅचचे पैसे घेणार आणि वर दुसऱ्या बॅचचा गुलाल पहिल्याशी जुळेलच असं नाही. फोटो पाठवला. बंड्याचा फोन आला तो आधी दोन मिनिटं नुसता हसत होता, मग म्हणाला हात लावू नको त्याला.

टायमिंग लावलं, कारण हॅमर सुटायच्या आधी ब्लॉक हलला तर हवा वर हॉपरकडे फुटते. मैदानावर क्रोनोवर (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) सेकंदाला 280 फुटांच्या आत बसवलं आणि दिला हातात. हॉपर नेहमीसारखाच दहा मिनिटांत रिकामा. परत आला तेव्हा त्याच्या टीममधला एक गोरा वाकून ब्लॉक बघत होता, हे काय लिहिलंय विचारलं. बंड्या शांतपणे म्हणाला, आमच्या गावाचं नाव.